सात नंबरचा बिल्ला

मे महिन्यात, भर दुपारी,
तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी लोकरीची टोपी घालून रिक्षातून उतरलो.
रिक्षावाल्याने सुटे देताना एकदा टोपीकडे पाहिलं,
एकदा आभाळाकडे.

कोल्ड स्टोरेजच्या दाराशी हसुराम म्हात्रे.
त्याच्या मागे भिंतीवर खिळे.
जो आत गेला त्याचा पितळी बिल्ला बाहेर लटकतो;
बाहेर आला की बिल्ला काढायचा, वहीत वेळ लिहायची.
"म्हंजे कुलूप लावताना समजतं,
कोन मटारांबरोबर र्‍हायला त्यो."
मला सात नंबर.

आत वजा वीस.
मटारच्या गोण्या, मक्याचे दाणे, पापलेटांचे खोके,
आणि मधोमध मी,
बॅटरी किती टिकते ते मोजत.
पहिली अकरा मिनिटं.
दुसरी, बगलेत ठेवलेली, चाळीस.
हातमोज्यांतून शटर सापडेना,
म्हणून बटणावर गोंदाचा थेंब वाळवून आणला होता: बोटाला उंचवटा कळावा.
श्वास सोडताना मान वळवायची,
नाहीतर भिंगावर पापुद्रा.

बाहेर आलो तर कॅमेऱ्याला घाम फुटला.
"पिशवीन बांधून ठेव," हसुराम म्हणाला, "मावऱ्यासारखा."
त्या पुसापुशीच्या नादात
मी तसाच निघून गेलो.

मग डोंगर.
त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही,
म्हणून सांगत नाही.

कॅमेऱ्याला पांढरं पटत नाही.
इतकं पांढरं असूच शकत नाही, असं धरून चालतो तो
आणि बर्फाचा रंग करून टाकतो
ठाणे-बेलापूर रोडच्या दुभाजकासारखा.
त्याला दीड स्टॉप वर ओढावं लागतं,
समजवावं लागतं: बाबा रे, आहे. खरंच आहे.

दोर्जेची पाठ. केतकीची पाठ. अभिरामची पाठ.
चढाईचे फोटो म्हणजे पाठींचे फोटो.
चेहरे हवे तर पुढे जावं लागतं,
आणि पुढे जायला लागतो तो जादा श्वास
माझ्याकडे नव्हता.
एकदाच गेलो. रुंद खांद्यावर, दोरी सोडून,
गुडघाभर बर्फ फोडत वीस पावलं.
वळलो. बसलो. मोजा दातांनी ओढला.
चौकटीत सगळं आलं होतं:
मागची धार, तिच्यावर चढणारं तांबडं,
वाऱ्यावर उडणारं पीठ,
तीन माणसं, त्यांच्याहून लांब तीन सावल्या,
आणि केतकीचा उजवा हात, उघडा.
मोजा कधी गेला, तिला ठाऊक नव्हतं.

भिंगातून पाहिलं म्हणूनच दिसलं, हेही खरं.
बोटं मेणबत्तीच्या रंगाची.

तो फोटो नाही.
म्हणजे एक आहे, पण त्यात माझ्या जाकिटाचं अस्तर आलंय,
कॅमेरा आत खुपसताना दाबला गेलेला.
तिची बोटं माझ्या बगलेत, बॅटरीच्या जागी.
बॅटरीची चाळीस मिनिटं माहीत होती.
बोटांचं मोजलेलं नव्हतं.

तिथूनच उतरलो.
शिखर आणखी दोनशे मीटर, उन्हात, स्वच्छ.
छान आलं असतं.

परतल्यावर तुर्भ्याला गेलो, पाठींची एक प्रिंट घेऊन.
हसुरामने लांब धरून पाहिली, मग जवळ धरून.
"कवरा थंडा व्हता?"
"वजा बावीस."
"आमचेकरं चोवीस हाय आता. आइस्क्रीमवाले आलेत."
थोडा थांबला.
"न दरवाजा?"
"दरवाजा नव्हता, काका."

तो काही बोलला नाही.
मागे खिळ्यावर सात नंबर लटकत होता.
"काराचा र्‍हायला," म्हणाला, माझ्याकडे न बघता,
आणि वहीची पानं मागे, आणखी मागे उलटत
माझं नाव काढलं.
आतली वेळ: दोन वाजून वीस.
बाहेरची रिकामी.

मी घड्याळ बघून लिहिली.
तेव्हाची शाई निळी होती.
हे पेन काळं निघालं.